मिरकरवाड्यातल्या दोन डिस्क

नवी डिस्क बसवली, स्क्रू आवळले, सर्व्हर चालू केला आणि स्क्रीनवर आलं : व्हॉल्यूम सापडत नाही.

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. माझ्या मागे कारखान्याचे मालक इब्राहिमशेठ उभे होते. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण माझ्या मानेवरचा घाम त्यांना बरोबर वाचता येत होता.

"काय झाला?"

"बघतो."

"सकाळपासना बघतावच हाव तुमी."

ही ऐंशीच्या दशकाच्या अगदी अखेरची गोष्ट. मी मुंबईतल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. मूळचा कराडकडचा, त्यामुळे माशाच्या वासाशी माझं जन्माचं वैर. आणि कंपनीनं मला पाठवलं होतं रत्नागिरीला, मिरकरवाड्याच्या बंदराला लागून असलेल्या कोळंबी गोठवायच्या कारखान्यात. डिस्कला धक्का लागू नये म्हणून ती शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीनं आलो होतो. कशेडी घाटात शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "पोर निजला काय?" मी हो म्हटलं. समजावत कोण बसणार?

तर या कारखान्यात एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे सगळ्यांची माहिती एका जागी ठेवणारं मोठं मशीन. ऑफिसातली बाकीची मशीनं तारेनं त्याला जोडलेली असतात. माहिती राहते डिस्कवर, आणि डिस्क कधीतरी मरतेच. म्हणून शहाणी माणसं दोन डिस्क लावतात आणि सर्व्हर जे लिहितो ते दोन्हींवर एकदमच लिहितो. याला मिरर म्हणायचं. एक मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. व्हॉल्यूम म्हणजे डिस्कवरचं कोठार, जिथं सगळा माल असतो. आणि कन्फिगरेशन म्हणजे सर्व्हरजवळचं एक छोटं कोष्टक : कुठलं कोठार कुठल्या डिस्कवर आणि कोण कोणाची जोडीदार.

दोन्ही डिस्क मशीनशेजारी वेगवेगळ्या पेट्यांत होत्या. पेट्या उन्हाळ्यात मीच लावल्या होत्या आणि त्यांवर शून्य आणि एक अशी लेबलंही मीच चिकटवली होती. आदल्या दिवशी सर्व्हरनं सांगितलं, शून्य नंबरची डिस्क गेली. ऑपरेटर सुलभा साळवी यांनी मुंबईला फोन करून तसं कळवलं. मी आलो, शून्य लेबलाची पेटी काढली, तिथं नवी बसवली. एक नंबरची जिवंत असायला हवी होती आणि तिच्यावर कोठार दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

गोष्ट साधी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्यात तपासणीचे अधिकारी येणार होते. गोठवलेल्या कोळंबीचा कंटेनर भरून मुंबईच्या बंदरावर जायचा होता. प्रत्येक खोक्यातला माल कुठल्या लॉटचा, कुठल्या दिवशी गोठवला, हे दाखवल्याशिवाय अधिकारी सही करत नसत. आणि ते सगळं फक्त सर्व्हरवर होतं. आधी ते हातानं कागदावरही लिहायचे. गणपतीनंतर सुलभाबाईंनी शेठना विचारूनच कागद बंद केले. दोनदा लिहिण्यात दोनदा चुका होतात, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं.

शेठना मात्र त्या घटकेला आपण परवानगी दिल्याचं आठवत नव्हतं. "कागद बंद केलान कोणी? हिनं," ते तिच्याकडं न बघता मला म्हणाले. "उद्या सायब सही देनार नाय, तर परवापासना हिनं घरी बसाचा. मशीन पन जाईल नि ती पन."

सुलभाबाई दारात उभ्या होत्या. मांडवीला राहणारी, बी.कॉम. झालेली, तिशीच्या आतली बाई. घरात कमावणारी ती एकटी, हे मला चहा देणाऱ्या बाईंनी आल्याआल्या सांगितलं होतं. त्या रडल्या नाहीत, की वाद घातला नाही. नुसत्या स्क्रीनकडं बघत राहिल्या. मला ते जास्त लागलं. शेठचा मला तेव्हा भयंकर राग आला.

मी मुंबईला अर्जंट ट्रंक कॉल लावला. आमचे साहेब भिडे. माणूस हुशार, पण घाई नाकावर बसलेली.

"दोन्ही गेल्या असतील," ते म्हणाले. "दोन्ही फॉरमॅट कर आणि बॅकअप चढव."

फॉरमॅट म्हणजे डिस्क धुऊनपुसून कोरी करणं. बॅकअप म्हणजे आधी काढून ठेवलेली नक्कल. सुलभाबाईंनी फ्लॉप्यांचा डबा आणला. पावसाळाभर तो खिडकीजवळच्या कपाटात होता, आणि खिडकीखाली बंदर. पहिली फ्लॉपी बाहेर काढली तर आत पांढरी बुरशी. दुसरीवरही. जी बरी दिसली तिनं मशीनमध्ये लोखंडी जाळी ओढल्यासारखा आवाज केला.

मी पुन्हा मुंबईला कॉल लावला. "साहेब, बॅकअप नाही."

"मग कोरी करून दे आणि ये. ठाण्याचं गिऱ्हाईक थांबलंय."

"त्यांचा माल अडकेल."

"आपण डिस्क विकतो. कोळंबी नाही."

मी फोन ठेवला. आमच्या धंद्यात फॉरमॅट हे शेवटचं औषध. ते दिल्यावर रोगही राहत नाही आणि रोगीही. कारण कळल्याशिवाय मी ते देत नाही, मग साहेब मुंबईचा असो की दिल्लीचा.

मला एक खोड आहे. मेलेल्या डिस्कचाही आवाज मी एकदा ऐकतो. काढलेली शून्य नंबरची पेटी टेबलावर पडली होती. तिला नुसती वीज दिली आणि कान लावला. डिस्क फिरायला लागली. आवाज चढत गेला आणि एका पट्टीत स्थिर झाला, सुरेल म्हणावा असा. ही मेलेली? मग मशीनला लावलेल्या एक नंबरच्या पेटीला कान लावला. टक्, टक्, टक्, आणि मध्येच कण्हल्यासारखं. ती खरी गेलेली.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. चांगली डिस्क मी टेबलावर काढून ठेवली होती आणि मेलेलीच्या शेजारी नवी कोरी बसवली होती. कोठार सापडणार कसं? पण सर्व्हरनं स्वच्छ सांगितलं होतं, शून्य गेली. आणि लेबलं माझ्या हातची. माझी लेबलं चुकत नाहीत.

मी बॅटरी घेऊन मशीनच्या मागं गेलो. केबलच्या जोडांना रॉकेलचा वास येत होता. पेट्यांच्या मागच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं होती, आणि एका केबलच्या खोबणीत झेंडूची सुकलेली पाकळी.

"इथं हात कोणी लावला?"

शेठनी गणूदादा भाटकरांना बोलावलं. हे कारखान्याचे फोरमन, बर्फाच्या कॉम्प्रेसरपासून वजनकाट्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखाली. ते आले आणि सहज म्हणाले, "मी लावला. खंडेनवमी नाय काय झाली परवा?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? शस्तरां पुजायची. मशीन खोलायची, रॉकेलानं पुसायची, परत जोडायची, मंग हळदकुकू. कॉम्प्रेसर केला, काटा केला, ह्या राहिला असता तर बरा दिसला असता? सुलभाबाय त्या दिवशी रजेवर होती."

"आणि केबली?"

"दोनी सारख्याच दिसल्या. दोनी सोडवल्या, दोनी बसवल्या. मशीन चालू झाला की. परसाद पन ठेवलेला वरती."

गणूदादांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या कारखान्यात ही रीतच होती. शेठ मुसलमान, पण पूजेचा नारळ आणि पेढे त्यांच्याच घरून यायचे. वर्षातून एकदा प्रत्येक यंत्र उघडून स्वच्छ करणारा कारखाना मी दुसरीकडं पाहिला नाही. फक्त आमच्या यंत्राला ती माया सोसली नाही. सर्व्हर पेटीवरचं लेबल वाचत नाही, तो केबल बघतो. त्या दिवशी केबली अदलाबदल झाल्या आणि शून्य नंबरच्या केबलवर एक नंबरची पेटी गेली. दोन्ही डिस्कवर माल तोच, त्यामुळे कोणाला पत्ताही लागला नाही. एक मरेपर्यंत.

"म्हंजे आता चालू व्हईल?" शेठनी विचारलं.

"लगेच नाही."

खरी अडचण इथून पुढं होती. मधल्या वेळात मी नवी डिस्क लावून सर्व्हर चालू केला होता. सर्व्हरनं तिला पाहिलं आणि कोष्टकात लिहून टाकलं : जुनी जोडी तुटली, इथं नवी कोरी डिस्क. आता जुनी चांगली डिस्क परत लावली तर ती त्याच्या दृष्टीनं परकी. कोष्टक हातानं दुरुस्त करावं लागणार होतं. आणि त्यात मोठी भीती एकच. जोडी पुन्हा लावताना कोणावरून कोणावर नक्कल करायची हे उलटं सांगितलं, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. सगळा माल साफ, आणि मशीन आनंदानं सांगणार, काम झालं.

मी आधी मेलेली पेटी काढली. मग नवी डिस्क काढून गणूदादांच्या हातात दिली.

"ही बाहेर घेऊन बसा. मी हाक मारेपर्यंत आत आणायची नाही."

"का ओ?"

"नवरदेव शुद्धीवर येऊ दे. नवरी नंतर."

गणूदादा हसले आणि खरंच ती मांडीवर घेऊन व्हरांड्यात जाऊन बसले. डिस्क खोलीतच नसली, तर चुकूनसुद्धा तिच्यावरून नक्कल होणार नाही. असली अक्कल कुठल्या मॅन्युअलमध्ये नसते, म्हणून सांगतो.

चांगली डिस्क शून्य नंबरच्या केबलवर लावली आणि दुरुस्तीचा प्रोग्राम चालू केला. तो एकेक प्रश्न विचारतो. जोडी तोडायची का? हो. ही डिस्क आता पहिली का? हो. मग आला मुख्य प्रश्न : जुने व्हॉल्यूम ठेवायचे की पुसायचे? ज्यानं हा प्रोग्राम लिहिला त्याच्या मनात काय होतं देव जाणे, पण नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'पुसा' असं जायचं.

"बाई, इकडं या," मी म्हणालो. "मी बटण दाबण्याआधी स्क्रीनवर काय आहे ते मोठ्यानं वाचा. पटलं नाही तर माझा हात धरा."

सुलभाबाई शेजारी बसल्या. त्यांनी वाचलं. मी 'ठेवा' निवडलं. त्यांनी पुन्हा वाचलं, शब्दन् शब्द. वाचण्यात चूक नव्हती. मग मी एंटर दाबलं.

प्रोग्रामनं कोष्टक लिहिलं. मी सर्व्हर बंद केला, चालू केला. आम्ही तिघं स्क्रीनकडं बघत बसलो. एकेक ओळ वर सरकत होती, आणि शेवटी ती ओळ आली : व्हॉल्यूम जोडला.

सुलभाबाई उठून आपल्या मशीनकडं गेल्या. पासवर्ड टाकला, लॉटची यादी उघडली, खाली गेल्या, आणखी खाली गेल्या. आदल्या दिवशीची शेवटची नोंदसुद्धा जागेवर होती. त्यांनी प्रिंटरला कागद लावला आणि प्रिंटर किरकिर करायला लागला. तो आवाज इतका गोड मला आधी कधी लागला नव्हता. तेव्हा कुठं त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"आता नवरी आणा," मी व्हरांड्याकडं बघून ओरडलो.

यादी हातात आल्यावरच नवी डिस्क लावली. जोडी ठरवली, भरलेलीवरून कोरीवर, तेही बाईंकडून वाचून घेऊन. नक्कल संध्याकाळपर्यंत चालली. तेवढ्या वेळात मी जुनी लेबलं काढून टाकली आणि पेट्यांबरोबर केबलींवरही नवी लावली. भिडेसाहेबांना फोन केला.

"सगळा डेटा आला, साहेब. फॉरमॅट केलं नाही."

"मी म्हणतच होतो, घाई करू नकोस," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. त्यांनी खोकी उघडली, यादीशी ताडून पाहिली आणि सही केली. कंटेनर दुपारच्या आत फाटकाबाहेर पडला. शेठनी मला जेवायला थांबवलं. मी मासे खात नाही म्हटल्यावर ते असे बघायला लागले की जणू मी आजारी आहे. मग त्यांच्या घरून माझ्यासाठी अंड्याचं कालवण आलं.

जेवण झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सुलभाबाईंना हाक मारली. काल बोलले त्याबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, पण मोठ्या माणसांना ते सरळ म्हणता येत नाही.

"सुलभा, आता परत कागद पन चालू कर. असू दे दोनी."

"नाही शेठ," त्या म्हणाल्या. कालच्यासारख्याच शांत. "कागद नाही लिहिणार. बॅकअप रोज माझ्या घरी नेईन, मांडवीला, कोरड्या डब्यात. आणि या खोलीची चावी माझ्याजवळ राहील. पूजासुद्धा मी असतानाच व्हायची."

गणूदादा जमिनीकडं बघत हसत होते. शेठनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, त्या खोलीची चावी सोडवली आणि त्यांच्या हातात ठेवली.

मी पुढं नोकरीत पुष्कळ डिस्क बदलल्या. दोन डिस्क ठेवल्या की त्या डिस्कच्या मरणापासून वाचवतात, माणसांच्या मायेपासून नाही, एवढं त्या कारखान्यात शिकलो. म्हणून मेलेली डिस्क उचलण्याआधी मी तिला कान लावतो, लेबल माझ्या हातचं असलं तरी.