रिकाम्या पिंजऱ्यात दादाचा आवाज

वर्तमानपत्रात असताना भुताखेतांच्या बातम्या मी सरळ केराच्या टोपलीत टाकायचो. आजही माझा त्यांवर विश्वास नाही... म्हणून इथे ऐकीव काही घेतलेलं नाही. हे घडलं तेव्हा मी तिथे होतो.

१९९१चा मे. भिवंडी, निजामपुरा. आमची एक भिंत यंत्रमागाच्या कारखान्याला लागून. लूम चालू असले की घरात ओरडूनच बोलावं लागे. वहिनीने मिठू नावाचा पोपट पाळला होता. दादा, माझा मोठा भाऊ, तिच्यावर डाफरायचा, ते "गप बस!" मिठूने त्याच्याच आवाजात उचललं. पाहुण्यांसमोर तो ते दादालाच ऐकवायचा.

एका संध्याकाळी मिठू पिंजऱ्यात मेलेला सापडला.

"मांजराने धरला," दादा म्हणाला.

अंगावर दाताची खूण नव्हती. वहिनीने त्याला मोरीमागे पुरलं आणि रडत बसली. दादा ओरडला, "गप बस! नाहीतर तुझीही मान मुरगाळीन."

त्या "तुझीही"नंतर वहिनी रडायची थांबली. दादाशी बोलणंही तिने बंद केलं. रोज सकाळी मात्र ती रिकाम्या पिंजऱ्यात हिरवी मिरची ठेवू लागली.

"मेलेल्या पोपटाला मिरची? बाराव्याचं जेवणही घाल आता!" दादा म्हणाला.

"भावजी, सांगा ह्यांना, घालीन. फक्त ह्यांना बोलवायची न्हाय."

आठवडाभराने, भर दुपारी लाईट गेली. गल्लीतले लूम एकदम थांबले. दादा जेवत होता, शेजारचे रफिकभाई दारात उभे होते. त्या शांततेत पिंजऱ्यातून दादाचा आवाज आला — "गप बस! नाहीतर तुझीही मान मुरगाळीन."

"भाई, ये आप बोले?" रफिकभाईंनी विचारलं.

दादाच्या तोंडात घास होता.

"गप बस" मिठूला येत होतं. पुढचं वाक्य मात्र त्याला पुरल्यानंतरचं.

वहिनीने हातातली पळी खाली ठेवली, पिंजरा उचलला आणि ती माहेरी, अकलोलीला निघून गेली. दादा अडवायला उठला नाही.

घरात टेपरेकॉर्डर नव्हता. भिंतीपलीकडे कोणी होतं का, तेही मी विचारून आलो. तो आवाज कुठून आला, याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. लाईट गेली की दादा अनवाणी रस्त्यावर जाऊन उभा राहतो — लूम सुरू झाल्याशिवाय आत येत नाही.

पुढच्या वर्षी अकलोलीला गेलो. पिंजरा ओसरीवर टांगलेला, आत ताजी मिरची.

"इथे बोलतो का?" मी विचारलं.

"न्हाय, भावजी," वहिनी म्हणाली. "इथं त्याच्या कानावर तसलं कोण घालतंय?"