तांब्यावरचा पेला

नांदेडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सरांनी कामांच्या यादीचं एक साधं वेब ॲप करायला सांगितलं. लिहायला चौकट, 'जोडा' असं बटण आणि काम झालं की टिक. वर्गातल्या पोरांनी यादीत 'अभ्यास करणे' असल्या थापा मारल्या. माझ्याकडे खरी कामं होती, कारण आमचं घर तीन गावांत वाटलं गेलं होतं. धाकटीच्या मेडिकलच्या क्लाससाठी आई लातूरला खोली घेऊन राहिली होती, बाबा शिरूर अनंतपाळला शाळेत शिकवून घर सांभाळत होते आणि मी इथे. मी दोघांच्या मोबाइलवर लिंक पाठवली.

आईनं लगेच बाबांना कामाला जुंपलं. दूध तापवा, मोटार बंद करा, गॅस बघा. शेवटचं काम रोज आपोआप येईल असं मी बसवून दिलं: तांब्यावर पेला. लातूरच्या भूकंपानंतर आमच्याकडे झोपण्याआधी पालथ्या तांब्यावर स्टीलचा पेला ठेवतात. जमीन हलली तर तो पडून जाग यावी म्हणून. भूकंप माझ्या जन्माआधीचा, पण आईला अजून त्या पेल्याशिवाय झोप नाही. लहानपणी मांजर तो पाडायचं आणि आम्ही चौघं धडपडत अंगणात. तेव्हा वैताग यायचा. आता त्या अंगणाची फार आठवण येते.

बाबांनी पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. शाळेच्या मस्टरवर येतानाची आणि जातानाची सही सकाळीच ठोकायची सवय. इथेही चहा पिता पिता सगळ्या कामांपुढे टिक मारून मोकळे. आईनं फोनवर सुनावलं, "सकाळीच पेला मांडून तुमी दिवसा झोपून राहिलाव काय?" मग ते रात्री जेवणानंतर टिक करू लागले. पेल्याची टिक दिसेपर्यंत आई लातुरात पाठ टेकत नाही, असं धाकटी सांगायची.

धाकटीला पहिल्या वर्षी मार्क कमी पडले. रिपीट करायचं ठरलं आणि आईचं घरी जाणं लांबलं. बाबांनी तक्रार केली नाही. फक्त यादीत स्वतःचं एक काम टाकलं, 'हिला आणायला लातूरला जाणे.' ते वर्षभर तसंच राहिलं.

पुढल्या वर्षी धाकटीला प्रवेश मिळाला, कॉलेज सुरू होईपर्यंत दोघी घरी आल्या आणि त्या कामावर टिक पडली. मेसमध्ये जेवता जेवता मी रडले. पण त्या दिवशी पेल्याची टिक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला.

"तुझी माय आली की आता. तीच ठेवून राहिली," बाबा हसून म्हणाले. "टिक कुणाला दाखवू?"

इतके दिवस नांदेडच्या खोलीत मीही ती टिक बघूनच झोपत होते.

बाबा 'हॅलो, हॅलो' करत राहिले. मागून आईचा आवाज आला, "करा की वो टिक. एक लेकरू बाहेरच हाय अजून."