विठाबाईचं निळं दार

मांजर्लीच्या विठाबाईला कलामहोत्सव कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. मुलगी मीनल कॉलेजातर्फे तिथे मदतीला होती, तिने फारच लावून धरलं म्हणून ती निघाली. ब्याण्णवच्या हिवाळ्यात मुंबईच्या काही तरुण चित्रकारांनी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी जागोजागी कामं मांडली होती. बदलापुरात पत्र्याच्या भल्यामोठ्या माशाच्या पोटात लोक शिरत होते. विठाबाई शिरून आली आणि म्हणाली, "आत उकडतंय."

अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे, मैदानात नुसती दारंच उभी होती. भिंत नाही, घर नाही. बघत बघत विठाबाई एका निळ्या दारापाशी थबकली.

"मीनल, हे आपलं दार."

पुरात फुगलेलं ते दार तिनेच उल्हासनगरातल्या कॅम्प एकच्या भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. कडीखाली मीनलने लहानपणी खिळ्याने कोरलेला मोर तसाच होता.

ही मांडणी केलेली मुलगी धावत आली. "मावशी, खरंच तुमचं? काहीतरी आठवण सांगा ना!"

"हिचा बाप वांगणीला दुसरं घर करून बसला," विठाबाई म्हणाली. "मग एकदा आला परत. दुपारभर बाहेर बसला, हाका मारल्या. मी कडी नाय काढली."

बाप पुन्हा फिरकलाच नाही, असंच मीनल आजवर समजत होती.

"आई, मी कुठे होते तेव्हा?"

"शाळेत."

विठाबाई वळसा घालून दाराच्या बाहेरच्या अंगाला गेली. नवरा, कोंडाजी, बसला होता तिथे जरा वेळ उभी राहिली.

"इथून आतलं काय पण दिसत नाय गं," ती म्हणाली.

"मावशी, हे लिहून दारापाशी लावू?" त्या मुलीने विचारलं.

"नको बाई. वांगणीची माणसं येतात इकडे."

मग दोघी कॅम्प एकला गेल्या. तिथल्या बराकीतली चित्रं बघितली, दाल-पकवान खाल्लं.

उन्हाळ्यात मीनल एकटीच वांगणीला जाऊन बापाला भेटून आली. येऊन आईला सांगितलं.

"जेवलीस तिथे?" विठाबाईने विचारलं.

"हो."

"बरं."

पुढे मीनल दर दिवाळीला जात राहिली. विठाबाई स्वतः कधी गेली नाही, आणि मुलीला कधी अडवलंही नाही.