न लिहिलेला माफीनामा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी सेलूला पोलीस निरीक्षक होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती, म्हणून परवान्याच्या बंदुका आम्ही ठाण्यात जमा करून घेतल्या होत्या.

खंडेनवमीच्या सकाळी एका खासगी शाळेचे अध्यक्ष तणतणत आले. शाळेचा भालाफेकीचा भाला चोरीला गेला होता आणि चोर ते ठरवूनच आले होते. नववीतली मुलगी, मेंढपाळाची लेक. जिल्हा स्पर्धेला शाळेकडून तीच जाणार होती. आदल्या संध्याकाळी भाला तिच्या हातात दिसला, एवढाच पुरावा.

"भर मैदानात सांगितलंय तिला. माफीनामा लिहून दे, नाहीतर स्पर्धा बंद आणि शाळाही बंद. तुम्ही ठाण्यात आणून जरा दम द्या."

"अल्पवयीन मुलीला ठाण्यात आणत नसतात," मी म्हणालो. "आणि दम कुणाला द्यायचा ते मी ठरवतो."

तेवढ्यात निनावी फोन आला, भाला देवगाव फाट्याजवळ तिच्या बापाच्या मेंढ्यांच्या वाड्यावर आहे. महिला शिपाई बरोबर घेऊन साध्या कपड्यांत गेलो. सगळं पालथं घातलं, काही नाही. खबर निव्वळ थाप होती. बड्यांची मर्जी राखायला असे फोन येतच असतात.

बापासमोर मुलीला विचारलं. बापच हात जोडून तिला म्हणाला, "लिहून दे की माय. लय मोठे लोक हाईत."

"न्हाई लिहिणार! भाला खोलीत ठेवला, चावी खेळाच्या सरांना दिली. शाळेतून काढायचं तर काढा. चोर म्हणून मी सही करणार न्हाई."

खोटं बोलणारा लांबण लावतो. हिचं एवढ्यात संपलं.

परतलो तर ठाण्यात शस्त्रपूजा चालली होती. हवालदार एका दुनळी बंदुकीला हळदकुंकू लावत हसला, "साहेब, अध्यक्षांची बंदूक तर आपल्याकडं हाय. त्यांच्या घरी आज कशाची पूजा करायलेत मग?"

मी तडक गाडी काढली.

अध्यक्षांच्या देवघरात झेंडूची माळ घालून भाला उभा! त्यांचे वडील कौतुकानं सांगू लागले, "बंदूक तुमी ठेवून घेतली. पूजेला हत्यार नको का? काल रात्री ड्रायव्हरला घरी असलेली शाळेची दुसरी चावी देऊन तिथून भाला मागवला. पोराला सांगायचं राहिलं."

पोराचा, म्हणजे अध्यक्षांचा, चेहरा उतरला. "साहेब, घरातली गोष्ट आहे. मिटवून टाका."

"चोर मैदानात म्हणालात ना? मिटवायचं तेही मैदानातच."

संध्याकाळी बापलेकीला शाळेच्या मैदानावर बोलावलं. सरावाची पोरं, शिक्षक, सगळे जमले. अध्यक्षांनी भाला पुढं केला. "गैरसमज झाला, बाळ. विसरून जा."

तिनं हात मागं घेतले. "लिहून द्या," ती म्हणाली.

बाप घाबरून तिला ओढायला लागला. मी खिशातलं पेन काढून अध्यक्षांपुढं धरलं. त्यांनी माझ्याकडं खाऊ की गिळू असं पाहिलं, पण लिहिलं.

पुढं माझी बदली झाली. झाली तर झाली! गरिबाला 'जाऊ दे, सही करून टाक' म्हणणं फार सोपं असतं. त्यानंतर माझ्या ठाण्यात मी ते कुणालाही म्हणू दिलं नाही.