पाच वेळा विकलेली टोपली

अर्धा तास झाला तरी एकाही टोपलीसमोरच्या कागदावर आकडा पडला नव्हता. पालक हॉलभर फिरत होते, टोपल्या न्याहाळत होते, चहा पीत होते. पेनला कोणी हात लावत नव्हतं.

पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी लायब्ररियन होते. लायब्ररीचं छप्पर गळत होतं. पावसाआधी ते दुरुस्त झालं नाही तर पुस्तकं पेट्यांत भरून खोलीला कुलूप घालायचं, असं मॅनेजमेंटने ठरवलं होतं. आमच्या हेडबाई कुठल्याशा सेमिनारमध्ये ‘सायलेंट ऑक्शन’ शिकून आल्या. म्हणजे बोली बोलायची नाही, कागदावर लिहायची. सर्वांत मोठा आकडा ज्याचा, त्याची टोपली. प्रत्येक टोपलीला थीम. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या टोपलीत नारळ, सुपारी, अगरबत्ती. पावसाळ्याच्या टोपलीत सुके बांगडे, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि सोलं, म्हणजे आमसुलं.

केरीचा दामू मासळीच्या धंद्यातला, मुलगी आमच्याकडे आठवीत. का लिहीत नाहीस, म्हणून मी त्याला विचारलं.

“कागदार चढाओढ कशी करतली, बाई? समोरच्याचा तोंड दिसाक व्हया.”

माझे यजमान मला न्यायला आले होते. गावच्या सप्त्यात पावणी तेच करत. पावणी म्हणजे देवाला वाहिलेल्या फळाभाज्यांचा देवळात होणारा जाहीर लिलाव. यंदा ते वारले. त्यांचा आवाज लिहून दाखवता येत नाही, म्हणून घडलं तेवढंच सांगते. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हेडबाई “सायलेंट, सायलेंट” म्हणेपर्यंत सुक्या बांगड्यांची टोपली त्यांच्या डोक्यावर होती.

मग जे सुरू झालं त्याला आवर नव्हता. दामूने बोली लावली, सरपंचांनी वाढवली. सरपंच जरा थांबले तशी ह्यांनी चौकशी केली, “काय सरपंचानू, घरात विचारून येतास?” हॉल हसण्याने फुटला आणि सरपंचांनी आकडा दुप्पट केला. तरी टोपली दामूनेच जिंकली. त्याने पैसे मोजले, टोपली उचलली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

“परत घाला पावणेक.”

आमच्याकडे ही रीत आहे. देवाचा नारळ जिंकणारा पुष्कळदा तो तिथेच परत ठेवतो. पैसे देवाला, नारळ पुढच्याला. हेडबाई म्हापशाच्या. त्यांनी कधी सप्ता पाहिला नव्हता. तीच टोपली पाचव्यांदा विकली गेली तेव्हा त्या माझ्या कानाशी आल्या.

“एका वस्तूला पाच मालक? रजिस्टरमध्ये लिहू कसं?”

“लायब्ररीचं पुस्तक लिहितो तसं,” मी म्हणाले.

ह्यांनी ते ऐकलं आणि इतके हसले की टोपली डोक्यावरून घसरली. सरपंच, दामू आणि हेडबाई, तिघंही गुडघ्यांवर बसून सुंगटं वेचू लागले. हेडबाईंना हसू आवरेना.

मे महिन्यात नवे पत्रे बसले. पावसाळाभर एकही पुस्तक जागचं हलवावं लागलं नाही.

लायब्ररीत शांतता हवी, हे मी जन्मभर मुलांना सांगत आले. ती लायब्ररी उघडी ठेवायला मात्र ओरडणारा माणूस लागतो.