तळमजल्यावरचा समुद्र

कलेवर इतकी निस्सीम निष्ठा असलेलं दुसरं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. अर्थात मी पाहिलेली बहुतेक माणसं सॉफ्टवेअरमधली आहेत, तेव्हा या विधानाला फार वजन देऊ नये. पण इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, आमच्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या आयरिश बाई चित्रकारही आहेत आणि पारंपरिक गायिकाही, आणि या दोन्ही कला त्या एकाच वेळी, एकाच चित्रावर चालवतात. चित्र त्यांच्या गावच्या समुद्राचं. भिंतभर कॅनव्हास आणि त्यावर धुक्यासारखे पातळ, करडे रंग. सकाळी गाणं सुरू झालं की कुंचला उचलायचा, गाणं संपलं की खाली ठेवायचा, हा नियम. छोटं गाणं ओठांवर आलं तर समुद्राला जेमतेम एखादी लाट मिळते. बुडालेल्या नावाड्याचं वीसेक कडव्यांचं गाणं लागलं की भरती येते. दुसऱ्या दिवशी त्यातल्या बऱ्याच लाटा त्या पुसून टाकतात, कारण "काल पाणी खोटं बोलत होतं." चित्र कधी पूर्ण होणार, असं मी एकदा विचारलं. "समुद्र झालाय का पूर्ण?" त्यांनी विचारलं. प्रोजेक्ट मॅनेजरला असं उत्तर देणारा माणूस आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कामावर नसतो.

गाण्याला साथ नाही, ताल नाही, आणि भाषा आमच्यापैकी कोणालाच कळत नाही. हीटिंगच्या जाळीतून ते गाणं वर आमच्या स्वयंपाकघरात येतं. शरद ऋतूत समोरच्या तळ्यावर धुकं उतरलेलं असतं, पलीकडची झाडं असून नसल्यासारखी होतात, आणि तो आवाज कुठून येतोय हे ठाऊक असूनही तळ्यावरूनच येतोय असं वाटत राहतं. माझी कॉफी अशीच थंड होते. एकदा मीटिंगमध्ये मी म्यूट करायला विसरलो, तर फ्रिस्को ऑफिसमधला माझा मित्र हळूच म्हणाला, "यार, तुझ्याकडे कोणी गेलं का?" गाणं संपलं की बाई ते कोणाचं होतं तेही सांगतात: हे मावशीचं, ते पोस्टमनचं. स्वतःचं एकही नाही. कौतुक केलं तर म्हणतात, "गाणं चांगलंय. मी नुसती उभी होते."

हा विनय पुढे महागात पडायची वेळ आली. बाईंचा व्हिसा संपत आला होता, आणि कलावंतांना मिळतो तो नवा व्हिसा हवा तर आपण असामान्य आहोत हे सिद्ध करावं लागतं. बाईंच्या मते त्या सामान्य होत्या, आणि तसं त्यांनी वकिलाला स्पष्ट सांगितलं. "मग परत जा की," माझी बायको वैतागून म्हणाली. बाई म्हणाल्या, "तिकडे हे चित्र होत नाही. खिडकीत खरा समुद्र असतो. तो सारखा मधे बोलतो." त्यानंतर बायकोने पुन्हा तो विषय काढला नाही. वकिलाला भरल्या सभागृहातल्या कार्यक्रमाचा एक चांगला फोटो हवा होता. बायको मराठी मंडळाची सेक्रेटरी; तिने दिवाळीच्या कार्यक्रमात लावणी आणि फराळ स्पर्धेचा बक्षीस समारंभ यांच्या मधे बाईंना बसवलं.

बाई स्टेजवर गेल्या, आणि त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणे प्रेक्षकांकडे पाठ करून, डोळे मिटून गाऊ लागल्या. आमच्या तबलजींनी बराच वेळ सम शोधली आणि शेवटी दोन्ही हात मांडीवर ठेवले. दोन-तीन कडव्यांनंतर बाईंनी एक हात संथपणे बाजूला पसरला. त्यांच्याकडे अशा वेळी ऐकणाऱ्यांतलं कोणी उठतं, गाणाऱ्याचा हात हातात घेतं आणि गाण्याबरोबर हळूहळू गोल फिरवत राहतं. गाणाऱ्याने एकटं जाऊ नये म्हणून. हे जगात सगळ्यांना माहीत असतं अशी बाईंची समजूत होती, त्यामुळे त्यांनी आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. "काका, त्यांना माइक हवाय का?" मागून कोणीतरी विचारलं.

तेवढ्यात माझी आई उठली. ती वर्ध्याजवळच्या खेड्यातली, आमच्याकडे काही महिन्यांसाठी आलेली. "बाईनं हात पुढं केला, अन् तुम्ही सारे पाहत बसले!" असं सगळ्यांना सुनावत ती स्टेजवर चढली, आणि बाईंच्या तळहातावर तिने प्रसादाचा पेढा ठेवला.

गाणं थांबलं नाही. फक्त मूठ मिटली. पेढा चुरडेल म्हणून आईने ती मूठ आपल्या हातात धरली, आणि थोड्या वेळाने ते दोन्ही हात गोल फिरू लागले. आई लहानपणी तिच्या आईबरोबर जात्याचा एकच खुंटा धरून दळायची. बाईमाणूस गातंय म्हणजे जातं फिरवायचं, एवढंच तिच्या हाताला ठाऊक असावं. एरवी निवेदनालासुद्धा टाळ्या देणारं आमचं मंडळ गाणं संपेपर्यंत हललं नाही. शेवटी बाईंनी डोळे उघडले, "हे माझ्या मावशीचं," असं सांगितलं आणि पेढा खाल्ला.

फोटोत बाईंची पाठ आली आणि आईचा चेहरा. वकिलाने तो बराच वेळ न्याहाळला. "यातली असामान्य कोण?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "जिची पाठ दिसतेय ती." दुसरा फोटो नव्हता, म्हणून त्याने तोच अर्जाला जोडला.

आई परत गेली. फोनवर नातवंडांची चौकशी झाली की विचारते, "बाईचा हात कोण धरते रे आता?"

"कोणी नाही. हातात कुंचला असतो ना त्यांच्या."

"हं," आई म्हणते, आणि फोन ठेवते.

व्हिसा मंजूर झाला. त्या सकाळी खालून मावशीचं गाणं येत होतं आणि धुकं थेट आमच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. मंजुरी तीन वर्षांची आहे. त्यानंतर असामान्य असल्याचं नव्याने सिद्ध करावं लागतं.