शेजारी बसायची होडी

हर्शेल टिग्नर मोजायचा टेप घेऊन आमच्याकडे अकरा वेळा आला आणि अकराही वेळा होडी न घेता परत गेला. मी मोजत होते ना! पुढच्या दुकानात मी गळाला लावायची जिवंत बारकी मासळी विकते, मागच्या शेडमध्ये माझा भाऊ डॉयल पत्र्याच्या होड्या बनवतो. मागे गेलेलं गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही. चोंबडी म्हणा हवं तर. आमच्या कॅलोवे तळ्याकाठी दुसरी करमणूक तरी काय आहे?

बरं, हर्शेल काही चिकित्सक माणूस नव्हे. चाळीस वर्षं कापसाच्या जिनात फिटर होता. गाडी घेतली ती बॉनेट न उघडता. लग्नाचं आयडेलला विचारलं ते म्हणे पंक्चर काढता काढता. असा माणूस एका होडीसाठी सहा महिने घोळ घालतो म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला कळत होतं. पण कुठं, ते कळेना, आणि त्यानं माझी झोप उडाली होती.

डॉयल तर पार वैतागला होता. "अरे बाबा, क्रॅपी मासळी धरायचीय ना तुला? बारा फुटी घे, तीन फूट रुंद. इथं सगळे तीच घेतात. एक पुढं, एक मागं. पाण्यातल्या झाडांतून सुळकन निघते."

"दोघं शेजारी शेजारी बसतील अशी?"

"मग चौदा फुटी. साडेचार फूट रुंद. मोकळ्या पाण्यात झकास चालेल. झाडांत न्यायची असेल तर सोबत कुऱ्हाड घेऊन जा."

"झाडांतच न्यायचीय," हर्शेल म्हणाला, टेप खिशात घातला आणि चालता झाला.

ऑक्टोबरात तो बाराव्यांदा आला तेव्हा मी दारातच आडवी आले. "हर्शेल, खरं सांग. शेजारी कोणाला बसवायचंय? या वयात नवीन कोणी सापडली का काय?"

तो हसला नाही. टोपी काढून हातात फिरवत राहिला. "आयडेललाच," म्हणाला. "तिच्या डोळ्यांचं मधलं गेलं, वर्ला. समोर बघितलं की तिला नुसतं काळं भोक दिसतं. कडेचं तेवढं दिसतं. तोंड दुसरीकडे फिरवते तेव्हा कुठं मी दिसतो तिला. डॉक्टर म्हणतो, कडांचाही भरवसा नाही. गेल्या वसंतात मी पुढं बसलो, ती मागं. दिवसभर ती त्या काळ्या भोकाशीच बोलत होती. घरी येऊन म्हणाली, मी आता येणार नाही."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

हे दोघं एकतीस वर्षं एकाच जागी गळ टाकत आले. तळ्याच्या वरच्या टोकाला सायप्रसच्या झाडांचा गोल वेढा आहे, आम्ही त्याला खोली म्हणतो. वसंतात डॉगवूडचं झाड फुललं की क्रॅपी तिथं अंडी घालायला येते. आत जायला दोन झाडांमधली एकच फट. हर्शेलला आयडेलला तिथंच न्यायचं होतं, आणि शेजारी बसवून न्यायचं होतं.

"पण फट पावणेचार फुटांची आहे," तो म्हणाला. "चार वेळा मोजली. डॉयलला सांग, बारा फुटीच कर. मी तिला काहीतरी समजावतो."

"कधी मोजलीस?"

"परवाच. पाणी उतरल्यावर, सगळे मोजतात तेव्हाच."

आमच्याकडची ही रीतच आहे. ऑक्टोबरात पाणी खाली गेलं की जो तो आपली वाट बघून येतो, बुडक्या खुंटांना चिंध्या बांधून येतो. पण खुंट बघणं वेगळं आणि फट मोजणं वेगळं!

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "सायप्रस बुडाशी भोपळ्यासारखा फुगलेला असतो की नाही? मार्चात पाणी पाच फूट चढतं. होडी वर त्याच्या बारीक कमरेपाशी तरंगते. तिथं सव्वापाच फूट जागा मिळेल तुला. घे ती रुंद होडी!"

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. मग आत जाऊन डॉयलला म्हणाला, "चौदा फुटी. दोन्ही खुर्च्या पुढं, शेजारी शेजारी."

मी आठवडाभर ताठ मानेनं फिरले. गावभर सांगितलं. आणि त्या वर्षी पाणी चढलंच नाही. मार्च संपत आला तरी धक्क्याच्या खांबावर तीन फुटांची खूण जेमतेम भिजली. माझी जीभ झडो! रोज सकाळी उठून मी खांब बघायची आणि परत येऊन डॉयलवर ओरडायची. डॉगवूड फुललं, क्रॅपी आली. तिला काय, पाणी किती चढलं याच्याशी देणंघेणं नाही.

आणि एका सकाळी ते दोघं निघालेच. आयडेलच्या मांडीवर मक्याच्या पावाचा डबा. मला राहवेना. लांब दोर घेऊन डॉयलच्या छोट्या होडीतून मी मागोमाग गेले.

जे व्हायचं तेच झालं. होडी फटीत शिरली, दोन्हीकडून खरवडली आणि रुतली. अर्धी आत, अर्धी बाहेर. पंजाभर जागा कमी पडली होती. हर्शेल उभा राहून झाडाला रेटत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"आत नेतो म्हणालो होतो गं," तो म्हणाला. आवाज फाटला होता.

"आत काय आहे?" आयडेल म्हणाली. "एकतीस वर्षं आत जाऊन मी तुझी पाठ बघितली. खाली बस आधी. उभा राहिलास की नुसते गुडघे दिसतात मला."

तो बसला. तिनं गळाची बारा फुटी काठी चाचपून उचलली आणि बसल्या जागेवरून गळ आतल्या खोलीत सोडला. काठी आरामात पोचली. मग तिनं तोंड पलीकडच्या झाडाकडे वळवलं आणि डोळ्याच्या कडेनं हर्शेलकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं.

"दाढी नाही केलीस," म्हणाली.

मी मागून ओरडले, "दोर टाकू का? ओढून काढते!"

"वर्ला, तुला कोणी बोलावलं?" तिनं मान न फिरवताच विचारलं. "जा. बाराला ये."

मी वल्ही उलटी फिरवली. पार रडू कोसळलं मला, खोटं कशाला बोलू? बाराला ये म्हणाली होती. मी दीडला गेले.